छोट्या प्रमाणावरचं बायोडिझेल : बनवलं खरं, पण घेणार कोण?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

लोट्याला केमिकल कंपनीत नऊ वर्षं काढली, आई आजारी पडल्यावर परत आलो. घरामागं शेड आहे. एका दूध संस्थेची भंगारात काढलेली स्टीलची टाकी मिळाली. तिला हीटर, पंप आणि खाली कॉक बसवून १०० लिटरची बॅच निघेल असा सेटअप केला. मित्राचा चिकन सिक्स्टी फाइव्हचा गाडा आहे, त्याचं जळकं तेल आणून, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून बायोडिझेल, म्हणजे डिझेलच्या जागी चालणारं इंधन, करायला सुरुवात केली. पहिल्या दोन बॅचचा साबण झाला. टायट्रेशन, म्हणजे तेलातलं ॲसिड मोजायची चाचणी, न करता अंदाजानं कॉस्टिक टाकल्याचं फळ. आता माल चांगला निघतो. माझ्या जुन्या पिकअपला डिझेलमध्ये २० टक्के घालून आठ महिने चालवतोय. सुरुवातीला फिल्टर एकदा बदलायला लागला, कारण टाकीच्या तळाचा सगळा जुना गाळ या बाबानं सोडवून आणला. त्यानंतर तक्रार नाही.

आता हिशोब. १०० लिटर तेल मला ५५ रुपयांनी पडतं, म्हणजे ५,५००. मिथेनॉल २० लिटर, साधारण १,०००. कॉस्टिक पोटॅश, वीज आणि किरकोळ मिळून ४५०. झाले ६,९५०. गाळ, पाणी, ग्लिसरीन जाऊन पदरात पडतं ९० लिटर. म्हणजे लिटरला ७७ रुपये, आणि यात माझी मजुरी धरलेली नाही. डिझेल नव्वदीच्या घरात आहे. मला वाटलं होतं, मधल्या तेरा रुपयांत धंदा बसेल.

बसत नाही. एका पंपवाल्यानं चहा पाजला आणि वाटेला लावलं. एका दवाखान्याच्या जनरेटरसाठी विचारलं तर म्हणाले, सर्टिफिकेट आणा. ट्रान्सपोर्टवाले आधी हसतात, मग उधारीवर मागतात.

तर प्रश्न सरळ आहे. आठवड्याला दोन बॅच, म्हणजे १८० लिटर माल. कोल्हापूर परिसरात हा कुणाला विकायचा?

गेटकेन

भावा, उसाच्या वाहतुकीत गिऱ्हाईक शोधत असशील तर आताच सांगतो, आमच्याकडं येऊ नकोस. राग मानू नकोस, कारण सांगतो.

दोन ट्रॅक्टर, एक ट्रक. सीझन चार-साडेचार महिन्यांचा. त्यात गाडी एक दिवस उभी राहिली तर ऊसतोडीची टोळी बसून, ऊस वाळून, वर कारखान्याच्या चिटबॉयची बोलणी. चार वर्षांमागं हायवेला एकानं टाकी लावून ‘बायोडिझेल’ विकायला सुरू केलं होतं. डिझेलपेक्षा पंधरा रुपये कमी. सगळे तुटून पडले, मी पण. महिन्यात ट्रकचा पंप आणि इंजेक्टर दोन्ही गेले. मेकॅनिकनं वास घेतला आणि म्हणाला, ह्यात तेलबिल काही नाही, हे कसलंतरी सॉल्व्हंट आहे. टाकीवाला एका रात्रीत गायब. आता तू खरं सोनं घेऊन आलास तरी ‘बायोडिझेल’ म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा येतो.

वर नवीन गाड्या सगळ्या कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या नाजूक इंजिनांच्या. वॉरंटी गेली तर तू भरून देणार का? आणि ॲव्हरेज पण पडतं असं ऐकलंय.

शिरोलीकर

दादा, ॲव्हरेजचं खरं आहे. लिटरमागं ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असते. २० टक्के मिश्रणात ते जाणवत नाही, नुसतं घातलं तर जाणवतं. म्हणजे माझे तेरा रुपये खरे तेरा नाहीतच, पाच-सहा आहेत. हे मी स्वतःपासूनच लपवत होतो असं दिसतंय.

परीक्षानळी

मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. विक्रीचं नंतर बोला, आधी शेडचं बोलू.

शिरोलीकर, मिथेनॉल कुठं ठेवता? त्याचा फ्लॅश पॉइंट ११-१२ अंश आहे. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातच नाही, थंडीतल्या दुपारीसुद्धा उघड्या कॅनवरची वाफ ठिणगीची वाट बघत असते. शिवाय त्याची ज्योत दिवसा उजेडात दिसत नाही. आग लागली हे हात पोळल्यावर कळतं. उकळतं ६४.७ अंशांना, म्हणून टाकी ६० च्या वर न्यायची नाही, झाकण बंद आणि वाफ थंड करून परत आत घ्यायची सोय हवी. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. म्हणूनच महाराष्ट्रात ते बाळगायला विष नियमांखाली परवाना लागतो. तुम्ही कंपनीत काम केलंय, तुम्हाला ठाऊक असेल. पण हा धागा वाचून उद्या कुणीतरी स्वयंपाकघरात कुकर लावील, त्याच्यासाठी लिहिलं.

आता दवाखान्याच्या सर्टिफिकेटबद्दल. ते लोक बरोबर बोलले. बायोडिझेलचं मानक आयएस १५६०७. त्यात एस्टर, म्हणजे खरं बायोडिझेल, किमान ९६.५ टक्के, पाणी ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५००) आत, ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे मालातल्या ॲसिडचं माप, ०.५ च्या आत, मोकळं ग्लिसरीन ०.०२ टक्क्याच्या आत, अशी मोठी यादी आहे. माल काचेसारखा स्वच्छ दिसला म्हणजे पास झाला असं नसतं. त्यात ५०० पीपीएमपेक्षा जास्त पाणी विरघळलेलं असू शकतं आणि डोळ्याला दिसणार नाही. बरं, जळकं तेल दर वेळी वेगळं, म्हणजे तपासणी दर बॅचला. ९० लिटरच्या बॅचवर तो खर्च टाकून बघा बरं.

शिरोलीकर

मॅडम, मिथेनॉल शेडबाहेर वेगळ्या जाळीच्या खोलीत आहे, वाफ थंड करून परत घ्यायला रिफ्लक्स कंडेन्सर आहे, परवान्याचंही झालंय. तपासणीचा खर्च टाकून बघितला. नको ते आकडे.

फायलीतला माणूस

आयुष्य सरकारी कागदात गेलं, त्यामुळे चार गोष्टी सांगतो.

२०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं ध्येय आहे. प्रत्यक्षात आपण एक टक्क्याच्याही खाली आहोत. म्हणजे कागदावर मागणी अफाट. पण ती तेल कंपन्यांची मागणी आहे आणि त्यांना टँकर लागतो, कॅन नाही. १० ऑगस्ट २०१९ ला त्यांनी जळक्या तेलापासूनच्या बायोडिझेलसाठी देकार मागवले, तेव्हाचा दर पहिल्या वर्षी ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७० आणि तिसऱ्या वर्षी ५४.५० होता. तुमचं नुसतं जळकं तेलच आज ५५ ला पडतंय. कंपन्यांना मिश्रणासाठी दिलं तर जीएसटी ऑक्टोबर २०२१ पासून ५ टक्के केला, तो फायदा टँकरवाल्याला.

दुसरं, वाहनांसाठी थेट विकायचं तर ३० एप्रिल २०१९ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मानकात बसणारं बी-१००, म्हणजे १०० टक्के बायोडिझेल, हवं, राज्याकडं नोंदणी हवी. गेटकेन म्हणतात तसल्या टाक्यांमुळे महसूल आणि पुरवठा खातं आता ‘बायोडिझेल’ हा शब्द ऐकला की आधी पंचनामाच करतं. शेडमधून कॅननं गाडीवाल्यांना विकू नका. स्पष्ट सांगतो.

तिसरं, तेल गोळा करण्याचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचं नाही, हे १ जुलै २०१८ पासून. रोज ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि अधिकृत संकलकालाच द्यायचं. तुम्ही त्या नोंदणीत आहात का?

शिरोलीकर

अर्ज केलाय साहेब.

पन्हाळ्याचा वारा

ही चर्चा वाचून आमचे आण्णा आठवले. २००३ नंतर मोगली एरंडाचं, म्हणजे जट्रोफाचं, वारं सुटलं होतं. नियोजन आयोगाची समिती, बायोडिझेलचं मिशन, रेल्वे तर ३१ डिसेंबर २००२ लाच दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेलवर चालवून मोकळी झालेली. आण्णांनी सगळ्या बांधाला एरंड लावला. शेळी त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे कुंपण झकास झालं. बियांना गिऱ्हाईक आलंच नाही. पोती भरून माळ्यावर होती, शेवटी चुलीत गेली. आण्णा म्हणायचे, “सरकारनं सांगितलं लावा, घेतो कोण ते सांगायचं राहिलं.”

तुमचं तेच होऊ नये म्हणून शुभेच्छा. पुढं चालू द्या.

खाऊगल्ली

माझा गाडा आहे, त्यामुळे तेलाचं मी बोलणार.

सगळ्यांना वाटतं कोल्हापुरात एवढं तळण, एवढा फरसाण, तेलाचा पूर वाहात असेल. तसं नसतंय. फरसाणवाल्याच्या कढईत तेल उरतच नाही. शेव-पापडी तेल पिते, तो वरनं ताजं ओतत राहतो. महिन्याअखेर तळाला काय राहील तेवढंच. मिसळीच्या कटातलं तेल गिऱ्हाइकाच्या पोटात. खरं जळकं तेल निघतं ते चिकन, वडा, मासे तळणाऱ्यांकडं आणि मोठ्या हॉटेलात. आणि त्याला आधीच तीन गिऱ्हाइकं असतात. साबणवाला, संकलनवाली गाडी, आणि तिसरा कोण ते इथं लिहीत नाही, पण स्वस्तात वडे कुठं मिळतात ते बघा म्हणजे कळंल.

पाच वर्षांमागं आम्ही हे तेल ३० नं द्यायचो, कधी फुकट. आता पोरगं स्कूटरवर कॅन घेऊन येतंय आणि रोख ५५ देऊन जातंय. शिरोलीकर भाऊ, तुम्ही गिऱ्हाईक शोधताय, पण उद्या मोठा प्लांटवाला ६५ नं उचलायला लागला की तुमच्या टाकीत घालणार काय?

शिरोलीकर

हा मुद्दा मी मुद्दाम टाळत होतो. बरोबर आहे. तेलाचा भाव माझ्या हातात नाही, डिझेलचा भाव माझ्या हातात नाही, आणि मी दोघांच्या मधे उभा.

घणाचा घाव

उद्यमनगर. छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना. इंजिनवाल्या कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या गावात ऑइल इंजिनात काय चालतं आणि काय नाही ते विचारायला इंटरनेटवर यायला लागतंय, हे बघून गंमत वाटली. असो.

इंजिन सोडा. आमच्याकडं लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचा रस ओतायचं भांडं, तापवायला बर्नर असतो. रस ओतायच्या आधी लॅडल लालबुंद करावी लागते, नाहीतर धातू आतच थिजतो. काहीजण गॅसवर करतात, काहीजण डिझेलवर. माझा डिझेलचा आहे, दिवसाला १५-२० लिटर पितो. बर्नरला कॉमन रेल नाही, वॉरंटी नाही. माझ्याकडं २० लिटर घेऊन या, लावून बघू.

परीक्षानळी

चांगली कल्पना. फक्त नळ्या बघा. बायोडिझेल साध्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. व्हायटॉन या टिकाऊ रबराच्या सील आणि नळ्या लागतील.

तेलतुपाचा

मधेच तोंड घालतो. बर्नरातच जाळायचं असेल तर मिथेनॉल घालून बायोडिझेल करताच कशाला? जळकं तेल गाळा, पाणी उडवा, ८०-९० अंशांना तापवा, हवेच्या दाबावरच्या नोझलनं फवारा. झालं. बायोडिझेल करायचं मुख्य कारण दाटपणा. प्रक्रिया न केलेलं तळणाचं तेल डिझेलच्या दहापट दाट, ते इंजिनात नीट फवारलं जात नाही आणि कार्बन धरतं. बर्नरला त्याचं एवढं काही नाही. तुमचे मिथेनॉलचे हजार आणि दोन दिवसांची मेहनत वाचली.

शिरोलीकर

दोन मिनिटं गप्प बसलो हे वाचून. दोन वर्षं मी जे शिकलो ते या गिऱ्हाइकाला लागतच नाही की काय!

घणाचा घाव

त्याचंबी ऐकू नका एकदम. मी करून बघितलंय. तेल तापवायची टाकी, हीटर, कॉम्प्रेसर, आणि सकाळी सुरू करताना अर्धा तास धूर. शेजारच्यानं फोन लावला की प्रदूषणवाले हजर. माझी पोरं बटण दाबून पेटणारं मागतात. तुमचा माल तसा पेटत असेल तर आणा.

*(तीन आठवड्यांनी)*

शिरोलीकर

अहवाल देतो.

घणाचा घाव यांच्याकडं (मी त्यांना आता मामा म्हणतो, त्यांनीच सांगितलं) दोन खेपा केल्या. पहिल्या दिवशी हवा जास्त होती, ज्योत उडत होती. ब्लोअर थोडा कमी केल्यावर पिवळसर, स्थिर ज्योत. लॅडल तापायला डिझेलपेक्षा सात-आठ मिनिटं जास्त. सगळी फाउंड्री भजी तळल्यासारखी वास मारायला लागली. दुपारी तीनला पोरांना भूक लागली म्हणून मामांना खरोखरची भजी मागवायला लागली, तो खर्च माझ्या नावावर आहे.

पण भाव! मामा ८० च्या वर द्यायला तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण वेळ जास्त लागतो. ७७ चा माल ८० ला. शिवाय पुढच्या वर्षी गॅसवर जायचं त्यांच्या मनात आहे.

घणाचा घाव

ज्योत बरी आहे, पोरगं बरं आहे. भाव एवढाच.

स्लॅब उद्या

सेंट्रिंगचा ठेकेदार आहे, फुलेवाडी. रोज वाचतोय, बोललो नाही. विचारू का? स्लॅबचं काँक्रीट चिकटू नये म्हणून शटरिंगच्या प्लेटांना लावायला चालंल का हे?

आम्ही गॅरेजमधलं जुनं इंजिन ऑइल आणतो, त्यात डिझेल ओतून पातळ करतो, कापडानं प्लेटांना फासतो. स्वस्त पडतं, पण स्लॅबला काळे डाग येतात, प्लास्टर धरत नाही, मग आर्किटेक्ट नाचतो. तयार मिळतं ते चांगलं पण महाग. पोरांचे हात पण त्या काळ्या तेलानं फुटतात.

परीक्षानळी

चालेल, आणि कदाचित इथंच सगळ्यांत चांगलं चालेल. ओल्या काँक्रीटमध्ये चुना असतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तेलातलं फॅटी ॲसिड त्याच्याशी मिळून प्लेट आणि काँक्रीटच्या मधे साबणाचा पातळ थर धरतं. प्लेट सुटते ती त्या थरामुळे. खनिज तेल नुसतं मधे बसून राहतं, क्रिया करत नाही. म्हणजे शिरोलीकरांच्या ज्या बॅचची ॲसिड व्हॅल्यू इंजिनासाठी नापास, ती इथं उलट कामाची. आणि इथं एस्टर करण्याला अर्थ आहे, कारण नुसतं जळकं तेल चिकट, दाट थर बसेल. एस्टर पातळ, पंपानं फवारता येईल.

दोन अटी. उरलेलं मिथेनॉल तापवून पूर्ण काढायचं, पोरं श्वासावाटे घेणार आहेत. आणि थर अगदी पातळ. जास्त झालं तर काँक्रीटचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, हात फिरवला की पीठ निघतं.

शिरोलीकर

स्लॅब उद्या, साइट कुठं आहे? उद्याच येतो.

स्लॅब उद्या

नावावर जाऊ नका, स्लॅब परवा आहे. या.

*(पंधरा दिवसांनी)*

स्लॅब उद्या

मीच सांगतो, ते लाजतील. १,२०० चौरस फुटांचा स्लॅब. अर्ध्याला आमचं काळं, अर्ध्याला ह्यांचं, फवारणीच्या पंपानं. काळं ११ लिटर गेलं, ह्यांचं साडेसहा. काढताना ह्यांच्या बाजूच्या प्लेटा हातानं सुटल्या, पहार फार लागली नाही. खालून स्लॅब पांढरा स्वच्छ. एका कोपऱ्यात पोरानं दोनदा फवारलं, तिथं मॅडम म्हणतात तसं पीठ निघालं, चूक आमची. ९५ नं घेतो असं मी म्हणालोय. आमचं काळं मिश्रण लिटरला स्वस्त आहे, पण लागतं जवळजवळ पावणेदोनपट आणि वर घासायला माणूस लागतो.

फायलीतला माणूस

आणि इंधन म्हणून विकत नाही म्हटल्यावर पंपाच्या परवान्याचा अर्धा ताप गेला. बिलावर नाव नीट घाला, ‘शटरिंग ऑइल’. बायोडिझेल हा शब्द कुठंही नको. प्रदूषण मंडळाची संमती मात्र लागेल ती लागेलच, धुतलेलं पाणी ओढ्याला सोडू नका.

शिरोलीकर

या मालाला पाण्यानं धुवायचीच गरज नाही साहेब, तेवढी एक पायरी गेली. त्यामुळे पदरात ९० ऐवजी ९३-९४ लिटर पडतंय.

थंडीत काय होईल ते बघायचंय. आपल्याकडचं सगळं तळण पामोलिनमधलं, त्याचं एस्टर १२-१५ अंशांना गढूळ होतं. जानेवारीत पहाटे पंप तुंबणार. गाडीत हीच गोष्ट म्हणजे संकट होतं, इथं कॅन उन्हात ठेवला की झालं.

तेलाच्या भावाचं खाऊगल्ली भाऊ बोलले ते डोक्यात आहे. म्हणून त्यांच्यासारख्या पाच गाडेवाल्यांशी वर्षाचा तोंडी करार करतोय, ५८ नं, दर सोमवारी रोख. त्यापेक्षा जास्त बॅच करायच्या नाहीत. आठवड्याला दोनच.

गेटकेन

ग्लिसरीनचं काय करता? वाया जात असंल की.

शिरोलीकर

दादा, बॅचमागं दहा-बारा किलो निघतं. काळं, साबणमिश्रित, त्यामुळे शुद्ध ग्लिसरीनवाले हात लावत नाहीत. मिथेनॉल उडवून, थोडं पोटॅश वाढवून त्याचा हात धुवायचा पातळ साबण केला. मामांच्या फाउंड्रीतली पोरं तो वापरतात. उरलेलं एकाच्या गोबरगॅसमध्ये थोडं थोडं जातंय, गॅस वाढतो म्हणतोय. एकदा त्यानं हौसेनं बादलीभर ओतलं, तर आठ दिवस प्लांट रुसला.

घणाचा घाव

साबण झाक आहे. बर्नरचं तेल नको, साबणच पाठवा म्हणतात पोरं.

शिरोलीकर

स्लॅब उद्या यांनी आणखी दोन ठेकेदार जोडून दिलेत. सोमवारपासून २० लिटरचे कॅन लागणार आहेत. लक्ष्मीपुरीत नवे महाग सांगतात. कुणाकडं जुने पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.

खाऊगल्ली

सहा आहेत. फिनेलचे. वास चालत असेल तर संध्याकाळी सातनंतर गाड्यावर या, येताना माझं मागच्या सोमवारचं तेवढं घेऊन या.